सतरा लाल पोपट

जानेवारीतल्या एका बुधवारी तिसरी ‘ब’ची मुलं बगरूच्या सहलीला निघाली, तेव्हा बसमध्ये सगळ्यांत आधी चढली ती स्वप्ना. खिडकी मिळावी म्हणून नव्हे. बस आपल्याला सोडून जाऊ नये म्हणून.

तिची ही भीती अगदीच पोकळ नव्हती. स्वप्ना आठ वर्षांची होती आणि जयपूरची ही शाळा तिची तिसरी. तिचे वडील, शेषराव, रेल्वेच्या सिग्नल खात्यात. जिथे नवं काम निघेल तिथे बिऱ्हाड हलायचं. भुसावळच्या शाळेत वर्गाचा फोटो निघाला त्या दिवशी तिच्या अंगावर गोवर होता. रतलामला फोटोवाला यायच्या आठवडाभर आधी जयपूरची बदली आली. विद्याधर नगरातल्या या शाळेत ऑगस्टमध्ये नाव घातलं, तर प्राणिसंग्रहालयाची सहल नुकतीच होऊन गेलेली. नोव्हेंबरात खेळांच्या दिवशी गालगुंडाने गाल सुजले. आणि डिसेंबरात वर्गाचा फोटो निघाला तेव्हा ती अकोल्याला मावशीच्या लग्नात जिलबी खात बसली होती. फोटोला चौकट लागून तो ज्युनिअर हॉलबाहेरच्या भिंतीवर टांगलासुद्धा गेला. त्यात चाळीस मुलं, जयंती मॅडम आणि दुसऱ्या रांगेत एक फट. मुलं उंचीप्रमाणे उभी करताना ती पडली असणार, पण स्वप्ना रोज येता-जाता तिच्याकडे बघायची. ती फट आपलीच, असं तिला वाटायचं.

“तीन शाळा झाल्या आई, आणि एकीतपण माझं काहीच नाही,” ती एकदा म्हणाली होती.

“काहीच कसं नाही? भुसावळले तुह्या दोन पाण्याच्या बाटल्या राहिल्या,” लता म्हणाली. आईला सगळ्याच गोष्टी हसण्यावारी न्यायची सवय होती.

पण बगरूची सहल वेगळी होती. बगरूत कापडावर हाताने ठसे उमटवतात. तिथे एका लांब कापडावर वर्गातल्या प्रत्येकाला एक चौकोन मिळणार होता आणि त्यात प्रत्येकाने आपल्या हाताने एक ठसा मारायचा होता. मग ते कापड रंगून यायचं, वार्षिकोत्सवात स्टेजच्या मागे लागायचं आणि त्यानंतर ज्युनिअर हॉलमध्येच राहायचं. प्रत्येक चौकोनाखाली ज्याचं त्याचं नाव दोऱ्याने भरलं जाणार होतं.

“हमेशा के लिए?” स्वप्नाने वर्गात विचारलं होतं. जयंती मॅडम “हमेशा के लिए” म्हणाल्या. पाच मिनिटांनी तिने पुन्हा तेच विचारलं. मॅडमनी पुन्हा तेच उत्तर दिलं, तेही पहिल्याइतक्याच शांतपणे. जयंती मॅडम मूळच्या पुण्याच्या, आदर्श नगरात राहायच्या. वर्गात हिंदीत बोलत, पण स्वप्ना एकटी भेटली की मराठीत.

आता बसमध्ये पहिला नंबर लावला खरा, पण सकाळी आनंदाच्या भरात तिने आलूचे दोन पराठे खाल्ले होते. अजमेर रस्त्यावर ट्रकांमागून बस जी डुलत चालली, त्यात ते पराठे काही जागेवर राहीनात. बगरू आलं, मुलं रांगेने आत गेली आणि स्वप्ना शाळेच्या आयाजींचा हात धरून हातपंपापाशी वाकून उभी राहिली. आयाजींनी तिचं तोंड धुतलं, ओढणीने पुसलं, पाण्याचे दोन घोट पाजले. या सगळ्याला दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत आत काय सांगितलं गेलं, ते तिला पुढे अकरा दिवसांनी कळायचं होतं.

ती आत गेली तेव्हा झुंबड उडाली होती. लांबलचक टेबलावर हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेलं पिवळट कापड अंथरलेलं होतं, त्यावर खडूचे चौकोन. टेबलाच्या एका टोकाला काळ्या रंगाचं तबक, त्याभोवती सगळा वर्ग. पांढऱ्या मिशांचे नंदकिशोरजी एकेकाचा हात धरून दाखवत होते, “ठसा रंगात हलकेच टेकवा, कापडावर ठेवा, वरून मुठीनं दोन ठोके. बस.” धप्प, धप्प! काळा हत्ती उमटायचा, काळा उंट उमटायचा आणि पोरं किंचाळायची.

स्वप्नाच्या हाती शेवटी उरलेला पोपटाचा ठसा आला. काळ्या तबकापाशी जायला वाट नव्हती. दुसऱ्या टोकाला आणखी एक तबक होतं, तिथे मात्र कोणीच नव्हतं. त्यातला रंग फिकट पाण्यासारखा होता. रंग तर रंग, म्हणून तिने पोपट त्यात टेकवला, आपल्या चौकोनात ठेवला आणि जीव खाऊन दोन ठोके मारले.

काहीच उमटलं नाही. नुसता ओला डाग दिसला, आणि तोही बघता बघता वाळून गेला.

आपण जोरात मारला नसेल, असं तिला वाटलं. तेवढ्यात नंदकिशोरजींनी टाळी वाजवली आणि घोड्याचे जुने नाल व गूळ कुजवून काळा रंग कसा करतात ते दाखवायला सगळ्यांना अंगणात नेलं. “कसला वास!” म्हणून बाहेर एकच कल्लोळ झाला. स्वप्ना आतच राहिली. आपल्या चौकोनातलं कापडच खराब असेल, असा तिने विचार केला. शेजारच्या चौकोनात जरा कोपऱ्यात मारून बघू. धप्प, धप्प. नाही. पलीकडच्या? नाही. वरच्या रांगेत? अंहं. ती टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, आणि दर वेळी पोपट ओला उमटायचा आणि वाळून नाहीसा व्हायचा. जेवायला बोलावणं आलं तेव्हा तिने ठसा खाली ठेवला. मूठ लाल झाली होती. लाल झालेली तेवढीच एक वस्तू होती तिथे.

निघताना रणजीत तिच्या कानाशी येऊन कुजबुजला, “तेरा डिब्बा तो खाली है!” रणजीतचा हत्ती सगळ्यांत ठळक उमटला होता. नंदकिशोरजी रंग समजावून सांगत होते तेव्हा तो छपरावर चढलेल्या बकरीकडे बघत होता, त्यामुळे त्यालाही स्वप्नाइतकंच कळलेलं होतं.

स्वप्ना परतीच्या बसमध्ये सगळ्यांत शेवटी चढली.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी सांगितलं की कापड आलं की नावं भरायला घ्यायची. वर्ग सुटल्यावर स्वप्ना त्यांच्या टेबलाशी घुटमळली.

“मॅडम, माझं नाव नाही भरलं तरी चालेल.”

“का गं?”

“मतलब... असंच.”

“असंच म्हणजे कसंच?” मॅडम हसल्या आणि थांबल्या. स्वप्ना स्वेटरची बाही ओढत राहिली. त्यांनी मग तिच्या स्वेटरचं सुटलेलं बटण लावून दिलं आणि म्हणाल्या, “बरं. सांगावंसं वाटेल तेव्हा सांग. मी कुठे पळून जात नाही.”

स्वप्ना मनात म्हणाली, तुम्ही नाही, पण मी जाते ना दर वेळी!

शनिवारी संध्याकाळी रेल्वे क्वार्टरच्या व्हरांड्यात शेषराव बूट काढत होते. लेक कोपऱ्यात गुडघ्यांत तोंड घालून बसलेली दिसली.

“काहून व, काय झालं?”

मग सगळं बाहेर आलं. पराठे, हातपंप, पाण्यासारखा रंग, रिकामा चौकोन. “आणि खाली माझं नाव येणार पप्पा! रिकाम्या डब्याखाली नाव! सगळे हमेशा हसतील. मी गेल्यावरपण!”

शेषरावांनी दुसरा बूट काढायचं थांबवलं. “एकच सांग. ठसा उमटला नाही, मंग तू काय केलं?”

“परत मारला.”

“अन् मंग?”

“परत मारला.”

“किती वेळा?”

“मोजलं नाही.”

“दिवा लागत नसला तं आम्ही आधी तार पाहतो,” शेषराव म्हणाले. “बटण दाबत बसत नाही.”

“तिच्यावर काय हसता?” आतून लताचा आवाज आला. “परवा टीव्ही लागत नव्हता तं तुम्हीच बटण दाबून दाबून आत घुसवलं.”

शेषरावांनी विषय बदलला. “उद्या माही सुट्टी हाये. जाऊ बगरूले. कापड तिथंच असंल तं नंदकिशोरजींले सांगू, एक पोपट मारून द्या पोरीले.”

रविवारी सकाळी बापलेक बसने बगरूला उतरले. या खेपेला स्वप्नाने पराठ्याला हातही लावला नव्हता. अंगणात भट्टी पेटली होती, वर तांब्याची मोठी कढई आणि तिच्यात लालभडक पाणी रटरटत होतं. नंदकिशोरजी लांब काठीने आत काहीतरी ढवळत होते.

“आओ बिटिया!” त्यांनी तिला ओळखलं. “बरोबर वेळेवर आलीस. तुमच्याच वर्गाचं कापड आहे.”

“त्यात माझं काहीच नाही,” स्वप्ना म्हणाली. “मी त्या दुसऱ्या तबकातलं घेतलं. उमटलंच नाही.”

नंदकिशोरजींची काठी थांबली. “तेव्हा सांगितलं होतं ना सगळ्यांना? ती तुरटी आहे, आज दिसणार नाही, कढईत उकळल्यावर लाल होईल. ज्याला लाल पाहिजे त्यानं ती घ्यावी आणि धीर धरावा. पण दुसऱ्या कोणालाच धीर नव्हता, सगळ्यांना तिथल्या तिथे दिसायला हवं होतं.”

“मी तेव्हा हातपंपावर होते.”

“अच्छा! मग बघ आता.”

त्यांनी काठीने कापडाचं टोक उचललं. मंजिष्ठेच्या मुळांच्या पाण्यातून ते वाफाळत वर आलं. पाणी निथळलं, आणि तिच्या चौकोनाच्या मधोमध, चोचीपासून शेपटीपर्यंत रेखीव, लालचुटूक पोपट दिसला.

स्वप्नाने वडिलांची बाही धरली. 

कापड आणखी वर आलं. शेजारच्या चौकोनात आणखी एक पोपट. त्याच्या पुढे आणखी एक. वरच्या रांगेत दोन, खाली तीन, एकाचं डोकं खाली, एक आडवा, एक कमळाच्या देठावर, एक उंटाच्या नाकाशी.

“बापरे,” स्वप्ना पुटपुटली.

शेषराव बोट रोखून मोजत होते. “पंधरा... सोळा... सतरा. सतरा, स्वप्ना! आमच्या खात्यात असं केलं असतं तं सतरा गाड्या एकाच फलाटावर आल्या असत्या!” आणि ते इतके हसले की भट्टीशेजारचं कुत्रं उठून गेलं.

“मला वाटलं, मॅडमनीच सांगितलं असेल असं करायला,” नंदकिशोरजी म्हणाले. “छान दिसतंय. लाल तेवढं एवढंच आहे पूर्ण कापडात.”

“पण हे धुतलं की जाईल ना?” स्वप्नाने विचारलं.

“जाईल?” नंदकिशोरजींना ते लागलंच. “बिटिया, कापड फाटेल, पण हा रंग जायचा नाही.”

इतके दिवस तिला जे हवं होतं, नेमकं तेच तिला मिळालं होतं. फक्त ते तिच्या एकटीच्या चौकोनात नव्हतं. परतीच्या बसमध्ये ती एकदा हसायची आणि एकदा ओठ चावायची.

“पप्पा, मॅडमना तुम्ही सांगा ना.”

“मी फक्त सिग्नल देतो,” शेषराव म्हणाले. “गाडी तुलेच न्यावी लागंल.”

सोमवारी घंटा व्हायच्या आधीच ती मॅडमपुढे उभी राहिली आणि एका दमात सगळं बोलून मोकळी झाली. “पंधरा मुलांच्या चौकोनात माझा पोपट आहे. आणि एक तुमच्या. तुम्ही कैरीचा ठसा मारलाय ना, त्या कैरीवर.”

“कैरीवर कुठे?”

“बरोबर टोकावर. चोच.”

जयंती मॅडमनी तोंडाला रुमाल लावला. खांदे हलत होते. मग त्या म्हणाल्या, “माझ्या कैरीचं मी बघते. बाकीच्या पंधरा जणांना कोण विचारणार?”

“मी?”

“तूच. त्यांचे चौकोन आहेत, त्यांनी ठरवायचं. ज्याला पोपट नको असेल, त्याच्यासाठी त्याच कापडाचं ठिगळ लावू. ते तू शिवायचं.”

गुरुवारी वर्गात कापड उलगडलं आणि एकच गोंधळ उडाला. “ये तोते किसके हैं?” स्वप्ना फळ्यापाशी गेली आणि म्हणाली, “मेरे.” ती तिथून हलली नाही. मॅडम मागच्या बाकावर जाऊन बसल्या होत्या. मदतीला पुढे आल्या नाहीत, आणि तिच्यावरून नजरही काढली नाही.

मग वही घेऊन ती एकेकाकडे फिरली. सलोनीने आपला चौकोन बराच वेळ निरखला. “मेरा वाला उल्टा क्यों है?”

“घाईत मारला.”

“रहने दे. सो रहा है.”

अनिमेषला त्याच्या उंटाला मित्र मिळाला म्हणून आनंदच झाला. अमेय म्हणाला, पोपट राहू दे, पण खाली माझंच नाव पाहिजे. स्वप्नाने वहीत लिहून घेतलं. निम्म्या यादीपर्यंत आली, तोवर तिच्यामागे वेगळीच रांग लागली. ज्यांच्या चौकोनात पोपट नव्हता ती मुलं चिडली होती. “मेरे में क्यों नहीं? मैंने क्या किया था?” आपण कोणाला मुद्दाम वगळलं नाही, हे समजावता समजावता तिच्या नाकी नऊ आले.

शेवटी रणजीत उरला. त्याच्या हत्तीच्या बरोबर मस्तकावर पोपट बसला होता.

“ये राजा का हाथी है,” रणजीत म्हणाला. “राजा के हाथी पे तोता नहीं बैठता. पैच लगा.”

“पक्का?”

“पक्का.”

त्या संध्याकाळी कापड घरी आणून स्वप्ना ठिगळ शिवायला बसली. लता बाजूला मटार सोलत होती. पोरीचे बारीक, नेटके टाके पाहून तिने मान हलवली. “एवढे बारीक नको घालू. मोठे मोठे घाल.”

“वाईट दिसेल ना.”

“दिसू दे. उद्या त्यानं म्हटलं काढून टाक, मंग उसवत बसशीन काय?”

स्वप्नाने चार लांब टाके घातले.

वार्षिकोत्सव फेब्रुवारीच्या शेवटी होता. दुपारपासून हॉलमध्ये सतरंज्या, पताका, तोंडाला पावडर फासलेली मुलं. स्टेजमागे ते कापड लागलं आणि छोट्या वर्गांना एक खेळच सापडला. काळ्या हत्ती-उंटांमधून लाल पोपट शोधायचे. “बारह!” “नहीं, चौदह!” शेवटी सगळ्यांचं सोळावर एकमत झालं.

रणजीत घूमर नाचाच्या मागे ढोल वाजवणार होता, म्हणून पगडी घालून बाजूला उभा होता. “सत्रह हैं,” तो म्हणाला.

“सोलह!” पहिलीतली एक मुलगी ठणकावून म्हणाली. “तुझे गिनना नहीं आता.”

राजाच्या हत्तीच्या मालकाला हे कसं सोसावं? “मेरे हाथी पे है! सत्रहवाँ मेरे हाथी पे है!”

“झूठ. वहाँ तो पैच है.”

स्वप्ना पडद्याच्या कडेला उभी राहून बघत होती. रणजीतने खुर्ची ओढली, वर चढला, पगडीची टाचणी काढली आणि ठिगळाचे टाके ओढले. चार लांब टाके सरसर निघाले. पगडी सुटून गळ्यात आली, पण हत्तीच्या मस्तकावर लाल पोपट उघडा झाला.

“सत्रह!” हॉलभर गलका झाला.

“राजा का तोता है,” खुर्चीवरून उतरताना रणजीत स्वप्नाकडे न बघता म्हणाला. “इसलिए छुपा के रखा था.”

“बिल्कुल,” स्वप्ना म्हणाली आणि त्याची पगडी धरून उभी राहिली, कारण ती बांधणारे काका कुठेतरी चहाला गेले होते.

एप्रिलमध्ये कोट्याची बदली आली. शाळेचा दाखला घ्यायला शेषराव तिला घेऊन आले. ते ऑफिसात सह्या करत होते, तोवर जयंती मॅडम तिला ज्युनिअर हॉलपाशी घेऊन गेल्या. बाहेरच्या भिंतीवर वर्गाचा फोटो होता, दुसऱ्या रांगेतल्या फटीसकट. स्वप्ना त्याच्याकडे न बघताच पुढे गेली, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही.

आत कापड लागलेलं होतं. तिच्या चौकोनाखाली मॅडमनी लाल दोऱ्याने तिचं नाव भरलं होतं. कैरीच्या चौकोनाखाली त्यांचं स्वतःचं. खाली फरशीवर दुसरीतली दोन मुलं उताणी पडून बोटांनी मोजत होती.

“सत्रह.”

“अठारह! नीचे जहाँ मोड़ा है, उसके अंदर भी एक है. लेट के दिखता है.”

“हट!”

स्वप्ना चकित झाली. ती वाकली, मग सरळ त्यांच्याशेजारी फरशीवर आडवी झाली. कापडाची खालची कड दुमडून शिवली होती. त्या दुमडीच्या आतून एक लाल शेपटी बाहेर डोकावत होती.

“स्वप्ना, फ्रॉक मळेल गं,” मॅडम म्हणाल्या.

“एक मिनिट, मॅडम,” ती तशीच पडून म्हणाली. “मी परत पहिल्यापासून मोजते.”